फोटोंनी डोळे उघडले, पण खिडक्या कुणी उघडल्या?

पत्रकार जेकब रीसने १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून काढलेल्या फोटोंमुळे न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्या सुधारल्या, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं. प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी, असा कायदा १८७९ मध्येच झाला होता. मालकांनी इमारतींमध्ये अरुंद बोळकांडी सोडली आणि खिडक्या त्यात काढल्या! उजेड नाहीच; वरून कचरा पडायचा, आग लागली की तीच बोळकांडी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढायची. ही जीवघेणी पळवाट बुजायला १९०१ उजाडलं. त्याआधी १९०० मध्ये घरांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या लॉरेन्स व्हेलरने प्रदर्शन भरवून चार रस्त्यांमधल्या एका अख्ख्या इमारतसमूहाची पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि रोगराईचे नकाशे लोकांपुढे मांडले. १९०१ च्या नव्या कायद्याने नव्या इमारतींत मोठं अंगण आणि बिऱ्हाडागणिक स्वतंत्र संडास सक्तीचा केला. मला हे चिवट काम फोटोंइतकंच मोलाचं वाटतं.