येशू ख्रिस्त होऊन गेला, याला बायबलबाहेरचा आधार कोणता?

नौपाडा_वाचक
आमच्या नौपाड्यातील वाचक कट्ट्यावर या विषयावरून बराच वाद झाला. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, येशूच्या हयातीतला एकही शिलालेख किंवा सरकारी नोंद उपलब्ध नसल्यामुळे तो होऊन गेला असे मानणे ही निव्वळ श्रद्धेची बाब आहे. चमत्कार आणि पुनरुत्थान मी बाजूला ठेवतो. तपासून पाहता येईल असा पुरावा कोणता आणि तो कितपत भक्कम आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशीकर
रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६च्या सुमारास, सन ६४ मधील रोमच्या आगीचा ठपका सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर ठेवल्याचे सांगताना, या पंथाच्या मूळपुरुषाला सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीत रोमन अधिकारी पिलाताने देहदंड दिला, असे नमूद केले आहे. त्याला या पंथाचा उघड तिटकारा होता, त्यामुळे हा मजकूर एखाद्या ख्रिस्ती लेखनिकाने मागाहून घुसडला असेल, असे मला तरी वाटत नाही. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या सन ९३-९४च्या ग्रंथात दोन उल्लेख आहेत. त्यांपैकी येशूला थेट मसीहा, म्हणजे यहुद्यांना अपेक्षित असलेला तारणारा, ठरवणाऱ्या उताऱ्यात नंतर भर पडली, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. दुसरा उल्लेख मात्र अगदी ओझरता आहे: सन ६२ मध्ये प्रमुख याजकाने 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' याकोब याला दगडमाराची शिक्षा दिली आणि त्यापायी स्वतःचे पद गमावले. तिथे लेखकाचा विषय याजक आहे, येशू नाही, आणि म्हणूनच मला हा उल्लेख अधिक विश्वासार्ह वाटतो.

घोडबंदर_रोड
हे दोन्ही लेखक घटनेनंतर साठ ते पंचाऐंशी वर्षांनी लिहीत होते. टॅसिटसने ही माहिती रोममधल्या ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलेली असू शकते; तसे असेल तर त्याला स्वतंत्र साक्ष कसे म्हणता येईल?

इतिहासाचा_विद्यार्थी_ठाणे
आपली हरकत रास्त आहे, आणि म्हणूनच मी आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांपासून सुरुवात करीन. ती बायबलमध्ये असली तरी मुळात ती सन ५०च्या दशकात लिहिलेली खरीखुरी पत्रे आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपण यरुशलेमेत केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. पुढे त्याच पत्रात तो अंत्युखिया शहरात पेत्राशी तोंडावर झालेला वादही लपवीत नाही. ज्याच्या भावाला ओळखणारा माणूस एवढ्या लवकर लिहितो, तो कल्पित असेल हे पटणे कठीण आहे.

अनुयायांना अडचणीत आणणाऱ्या गोष्टींचाही विचार व्हावा. आपल्या तलावपाळीजवळचे चर्च ज्या संत योहानाच्या नावाने आहे, त्याच्याच हातून येशूने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा देणारा श्रेष्ठ ठरतो, म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानात योहान आधी नकार देताना दिसतो. मुद्दाम रचलेल्या कथेत असा प्रसंग कोणी कशाला घालील?

राहिला शिलालेखाचा मुद्दा. पिलात हा प्रांताचा रोमन अधिकारी होता, तरी त्याचे नाव कोरलेला दगड कैसरिया येथे सापडला तो १९६१ मध्ये. गालीलातल्या एका फिरत्या उपदेशकाच्या नावाचा शिलालेख त्याच्या हयातीतच कोरला जाईल, अशी अपेक्षाच मुळात अवाजवी आहे.

नौपाडा_वाचक
आभारी आहे. पौलाच्या नावावरची सगळीच पत्रे त्याची मानली जातात का?

इतिहासाचा_विद्यार्थी_ठाणे
नाही. तेरांपैकी सात पत्रांबद्दल फारसा वाद नाही, आणि गलतीकरांस पत्र त्या सातांत आहे.