अनुभव धागा : लष्कराच्या राज्यघटनेला 'नाही' म्हणणारी माणसं

थायलंडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "घटना लष्कराची असेल, पण शेवटी लोकांनीच ती मतदान करून मंजूर केली ना?" ७ ऑगस्ट २०१६ च्या सार्वमताच्या वेळी मी बँकॉकमध्ये राहत होते. मला हे वाक्य सहन होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ मे २०१४ ला जनरल प्रयुत चान-ओचा यांनी सत्ता ताब्यात घेतली. मग मीचाई रुचुफान यांच्या अध्यक्षतेखाली, लष्करानेच नेमलेल्या समितीने २७९ कलमांचा मसुदा तयार केला. तो लोकांपुढे येण्याआधी सार्वमताचा कायदा आला. त्याचं कलम ६१ असं की मसुद्याबद्दल खोटा, असभ्य, आक्रमक किंवा चिथावणीखोर मजकूर पसरवला तर दहा वर्षांपर्यंत कैद. आक्रमक कशाला म्हणायचं ते सरकार ठरवणार. पाच किंवा अधिक माणसांनी राजकारणासाठी एकत्र जमायला तर आधीपासूनच बंदी होती.

जूनमध्ये बँकॉकच्या शेजारी सामुत प्राकानला पत्रकं वाटणाऱ्या तेरा जणांना पकडलं. त्यातल्या सात जणांनी जामीन घ्यायला नकार दिला आणि ते तुरुंगात गेले. जुलैत रात्चाबुरीला गाडीत 'नाही'चे स्टिकर सापडले म्हणून कार्यकर्त्यांना पकडलं, आणि बातमीसाठी बरोबर गेलेल्या पत्रकारालाही. कम्फेंग फेतमध्ये आठ वर्षांच्या दोन मुलींनी गुलाबी कागद आवडला म्हणून भिंतीवरची मतदारयादी काढून घेतली, तर सार्वमतात अडथळा आणल्याचा गुन्हा त्या मुलींवर नोंदवला गेला. आमच्या इमारतीतल्या बायका ही बातमी एकमेकींना सांगताना आवाज खाली करायच्या. आठ वर्षांच्या मुलींची बातमी!

निकाल ६१.३५ टक्के 'हो', ३८.६५ टक्के 'नाही'. मतदान जेमतेम ५९ टक्के. म्हणजे हे सगळं डोळ्यांसमोर असताना एक कोटीहून जास्त लोकांनी आत जाऊन 'नाही'च्या चौकटीत फुली मारली. मला या धाग्यात ती माणसं हवी आहेत. म्यानमारचं किंवा आणखी कुठल्या देशातलं असलं तरी लिहा. फक्त कुणी ओळखू येईल असं काही लिहू नका. ती माणसं अजून तिथेच आहेत, आणि लष्करही.

*

रायोंग, मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना

आमच्याकडे लाइनवरचे निम्मे कामगार ईशान्येकडचे, इसानचे. त्यांची मतं गावाला. दोन रात्री बसमध्ये काढून मत द्यायला जायचं की रविवारचा ओव्हरटाइम घ्यायचा, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

आमचा एक सुपरवायझर इसानमधल्या रोई एतचा. चाळिशीतला, मितभाषी माणूस. मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते, हे मला त्याच्यामुळे कळलं. पहिला साधा होता : मसुदा मान्य आहे का? दुसरा त्याने मला मोबाइलवर दाखवला आणि ऑफिसातल्या मुलीकडून इंग्रजीत सांगायला लावला. त्याचा आशय असा : राष्ट्रीय सुधारणांचं काम अखंड चालू राहावं म्हणून पहिली पाच वर्षं पंतप्रधानपदासाठी योग्य व्यक्तीला मान्यता देण्याचं काम संसदेच्या संयुक्त बैठकीने करावं, हे तुम्हाला मान्य आहे का?

वाचून यात गैर काय असंच वाटतं. त्याने जेवणाच्या कुपनामागे आकडे मांडले. खालचं सभागृह ५००, निवडून आलेलं. वरचं सभागृह, म्हणजे सिनेट, २५०, सगळं लष्कर नेमणार, आणि त्यात तिन्ही दलांचे प्रमुख पदसिद्ध. एकूण ७५०. पंतप्रधान व्हायला ३७६ लागतात. २५० खिशात असले की लष्कराला लोकांकडून फक्त १२६ हवेत, आणि समोरच्याला एकट्या खालच्या सभागृहातून ३७६. प्रश्नात सिनेट हा शब्दच नव्हता, मग ते कोण नेमणार हे कुठून असणार!

हेच गणित तो रोज एकेका कामगाराला समजावत असे. चहाच्या सुटीत, बसथांब्यावर, एका वेळी एकच माणूस. एका माणसाशी बोललं तर सभा होत नाही, असं तो म्हणायचा. हातात कागद द्यायचा नाही, फोनवर काही पाठवायचं नाही. आकडे समोरच्याने स्वतः मांडायचे. शनिवारी रात्री तो बसने गेला आणि सोमवारी पहिल्या पाळीला हजर होता.

५ जून २०१९ ला प्रयुत ५०० मतांनी पंतप्रधान झाले. त्यात सिनेटची २४९ होती, अध्यक्ष तेवढे तटस्थ राहिले. मी तोवर पुण्याला परत आलो होतो. त्याला फोन केला, पण त्यावर काही बोलणं शक्य नव्हतं. मुलीचं कॉलेज कसं चाललंय, एवढंच विचारलं.

*

खोन केन (इसान), इंग्रजीची शिक्षिका

वरच्या प्रतिसादात गणित आलंय. आमच्याकडे बायकांमध्ये कलम ५४ चीच चर्चा होती. आधीच्या घटनेत किमान बारा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क होता आणि त्यात उच्च माध्यमिक धरलेलं होतं. नव्या मसुद्यात ही बारा वर्षं बालवाडीपासून मोजली, म्हणजे ती नववीलाच संपतात. पुढच्या तीन वर्षांचं काय? ओरड झाल्यावर सरकारने मोफत शिक्षण पुढेही चालू राहील असा वेगळा आदेश काढला. माझ्या शेजारी पपईची सोमतम विकणाऱ्या बाई होत्या, नात शाळेत. त्यांचं म्हणणं असं की आदेश आज काढला तसा उद्या मागेही घेता येतो, घटनेत होतं ते का काढलं ते सांगा. मी राज्यशास्त्र शिकलेली, पण इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

खोन केनमध्ये 'दाओ दिन' नावाचा विद्यार्थ्यांचा गट होता, बराचसा कायद्याच्या मुलांचा. खाणी, धरणं, जमिनी यांच्यावरून गावकऱ्यांच्या बाजूने उभा राहणारा. त्यातला जतुपत बुनपत्तरारक्सा, म्हणजे पाय, मतदानाच्या आदल्या दिवशी चैयाफूम जिल्ह्यातल्या फु खियाओच्या बाजारात पत्रकं वाटताना पकडला गेला. जामीन न घेता त्याने कोठडीत उपोषण धरलं. त्यानंतर डिसेंबरात नव्या राजाबद्दलचा बीबीसी थाईचा लेख शेअर केला म्हणून त्याला पुन्हा आत टाकलं. तो लेख हजारो लोकांनी शेअर केला होता, राजाच्या अपमानाचा खटला मात्र याच्यावर. त्याला दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला तेव्हाही तो तुरुंगात होता. मी त्याला कधी भेटले नाही. पण सोमवारी वर्गात गेले तेव्हा मुलांचे चेहरे उतरलेले होते, आणि व्याकरण शिकवायची माझी हिंमत झाली नाही. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. आम्ही सगळे नुसते बसून राहिलो.

इसानमध्ये 'नाही'ला निम्म्याहून जास्त मतं पडली. हे विसरू नका.

*

हात याई, हॉटेलात स्वयंपाकी, मूळचा रत्नागिरीचा

माझ्या हाताखाली दक्षिणेतल्या याला प्रांताचे दोन पोरगे होते, मलय मुसलमान. त्यांच्या पत्तानी, याला, नराथिवात या तिन्ही प्रांतांत 'नाही' जिंकलं. कारण सरळ आहे. कलम ६७ मध्ये थेरवाद बौद्ध धर्माला सरकारने प्रोत्साहन द्यावं आणि धर्माला कुठल्याही प्रकारे धक्का लागू नये म्हणून उपाययोजना करावी असं आहे. पोरांचं म्हणणं होतं, आधीच रस्त्यारस्त्यावर सैनिक ओळखपत्र विचारतो, आता घटनाच विचारणार. आम्ही मशिदीबाहेर यावर बोलायचो नाही. स्वयंपाकघरात पंखा मोठा लावून बोलायचो.

*

नोंथाबुरीचा जावई

माझ्या सासरी सगळ्यांनी 'हो' दिलं होतं, आणि ती शिकलेली, भली माणसं आहेत. २०१३-१४ ची आंदोलनं त्यांनी पाहिली होती. अडवलेले रस्ते, रात्री फुटणारे हातबॉम्ब, मेव्हणीचं दुकान कित्येक आठवडे बंद. 'हो' म्हटलं की निवडणूक होईल आणि सैनिक बराकीत जातील, असं सासूबाईंना मनापासून वाटत होतं. 'नाही' म्हटलं तर पुढे काय, हे सरकारने नीट सांगितलंच नव्हतं. अंधारात उभं करून दार दाखवलं की माणूस त्याच दाराकडे जाणार. बायको एकटी 'नाही'वाली. जेवताना विषय निघाला की सासरे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तीच मेव्हणी २०२३ मध्ये सुधारणावादी नेते पिता लिमजारोएनरात यांच्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाच्या प्रचाराला गेली. पक्ष १५१ जागा घेऊन पहिला आला, आठ पक्षांची आघाडी झाली. १३ जुलैला संसदेत मतदान होतं आणि आम्ही सगळे एकत्र बसून बघत होतो. पितांना ३२४ मतं मिळाली, हवी होती ३७५ (एक जागा रिकामी होती). सिनेटमधून फक्त तेरा. एकेक सिनेटर उभा राहून मत सांगत होता. बहुतेक तटस्थ. मेव्हणी मध्येच उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा बायकोच्या शेजारी बसली, आणि पहाटेपर्यंत दोघी बहिणी २०१६ बद्दलच बोलत होत्या. त्या घरात सात वर्षं न झालेलं बोलणं.

*

यांगून, औषध कंपनीचा प्रतिनिधी, २००८

थायलंडमध्ये निदान मोजलेली मतं तरी खरी असावीत असं सगळे धरून चाललेत. म्यानमारमध्ये आम्हाला तेवढाही आधार नव्हता.

२ मे च्या रात्री नर्गिस चक्रीवादळ आलं. इरावदीच्या त्रिभुज प्रदेशात गावंच्या गावं गेली. मृत आणि बेपत्ता मिळून जवळपास १ लाख ३८ हजार. यांगूनमध्ये झाडं उन्मळून रस्त्यांवर पडलेली, वीज नाही, पाण्याला रांगा. आणि लष्कराने १० मे चं सार्वमत पुढे ढकललं नाही. फक्त यांगून आणि इरावदीकडच्या ४७ तालुक्यांत ते २४ मे ला ठेवलं. परदेशी मदतकार्याचे लोक व्हिसासाठी ताटकळत होते.

'नाही' म्हणा असं सांगणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होती. आमच्या गोदामातल्या एका मुलाने वादळात फुटलेल्या पत्र्यावर कोळशाने मोठी फुली काढली होती. मालकाने घाबरून पुसायला लावली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. १५ मे ला सरकारने जाहीर केलं की ९२.४ टक्क्यांनी घटना मंजूर झाली. यांगूनने अजून मत दिलंच नव्हतं! तरी माझा हिशेबनीस, साठीचा माणूस, २४ तारखेला स्वच्छ लुंगी नेसून मत द्यायला गेला. आता काय उपयोग, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते काय मोजतात ते त्यांचं, मी काय लिहितो ते माझं.

त्या घटनेने संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या, आणि बदल करायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतील असं ठरवलं. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली तीही त्याच घटनेचं कलम ४१७ पुढे करून. हिशेबनीस तोवर गेला होता. त्याची मुलगी आता भारतात आहे, मिझोराममध्ये, याहून जास्त लिहीत नाही.

*

एक प्रश्न

सगळं वाचलं, पोटात कालवलं. पण 'नाही' जिंकलं असतं तर काय झालं असतं? लष्कराने दुसरा मसुदा आणला असता आणि निवडणूक आणखी लांबली असती. कुणी असं पाहिलं आहे का?

*

मोन्तेविदेओ, आयटीतली नोकरी

मी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या घरात भाड्याने राहतो. उरुग्वेत १९७३ मध्ये लष्कराने संसद बंद केली. ३० नोव्हेंबर १९८० ला त्यांनी आपली घटना लोकांपुढे ठेवली, आणि ती सुमारे ५७ टक्के मतांनी नाकारली गेली. 'हो'च्या जाहिराती दिवसभर चालायच्या. 'नाही'वाल्यांना दूरदर्शनवर एक वादविवाद तेवढा करता आला. त्यात एन्रिके तारिगो आणि एदुआर्दो पोन्स एचेवेरी सरकारच्या माणसांसमोर बसले होते. घरमालकीणबाई तेव्हा पंचविशीत होत्या. त्या सांगतात, तो कार्यक्रम चालू असताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे उघड बोलता येतं, याचंच लोकांना नवल वाटलं. त्यांचे वडील सरकारी नोकर. मत कुणी दिलं ते शोधून काढतील या भीतीने ते मतदान केंद्राच्या दारातून दोनदा परत फिरले आणि तिसऱ्यांदा आत गेले.

दुसऱ्या दिवशी सैन्य तिथेच होतं, हे खरं. तुमचा प्रश्न रास्त आहे. पण लष्कराने निकाल मान्य केला आणि त्यांची घटना कधीच लागू झाली नाही. पुढच्या वाटाघाटींत लोकांनी आम्हाला निवडलंय असं त्यांना म्हणता येईना. नोव्हेंबर १९८४ मध्ये निवडणूक झाली, मार्च १९८५ मध्ये सांगिनेत्ती अध्यक्ष झाले आणि तारिगो उपाध्यक्ष. राजकीय कैदी त्याच महिन्यात सुटले. त्यात बाईंचा भाऊ होता. 'नाही' म्हटल्यानंतरची ती चार वर्षं फार जड गेली असं त्या सांगतात, आणि त्या दिवशी 'हो' जिंकलं असतं तर भाऊ कधी सुटला असता, हे मात्र मला त्यांना विचारवत नाही.