'व्लाख' म्हणायचं की 'आर्मन'?

नकाशावेडा: ग्रीस, अल्बेनिया, उत्तर मॅसेडोनियाच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरलेले हे लोक. बोली लॅटिनमधून आलेली, रुमेनियनची सख्खी बहीण. नाव मात्र उसनं! 'व्होल्के' ही एक केल्टिक जमात. शेजारच्या जर्मनिक लोकांनी तिच्या नावाचं 'वाल्ह' केलं आणि पुढे दिसेल त्या केल्टला, रोमनाला तेच चिकटवलं. वेल्स, वालोनिया ही नावं त्यातलीच. स्लाव्हांनी तो शब्द बाल्कनात नेला. पोलिश माणूस तर अजून इटलीला 'व्वोखी' म्हणतो. थोडक्यात, व्लाख म्हणजे 'तो परका'. ते स्वतःला आर्मन म्हणजे रोमन म्हणवतात, तर आपणही तेच म्हणावं. आपल्याला कुणी 'यवन' म्हटलेलं चालेल का?

ताकभात: यवन तुमच्यावरच उलटतोय. तो मूळचा आयोनियन, म्हणजे ग्रीकांचं स्वतःचंच नाव. आपण पुढे वाटेल त्याला यवन केलं. शब्द निघाला कुठून यावरून तो आज काय आहे ते ठरत नाही. ग्रीस-उत्तर मॅसेडोनिया सीमेवरच्या मेग्लेन भागातले त्यांचे भाऊबंद तर स्वतःला 'व्लाशि'च म्हणवतात. तुमचं नाव चुकलंय, असं त्यांना जाऊन सांगणार का?

नकाशावेडा: मेग्लेनचं मान्य. पण ग्रीकमध्ये 'व्लाखोस' म्हणजे गावंढळ, त्याचं काय?

जुनी पोथी: चिडवण्यावरून आठवलं. सर्बियात यांना 'त्सिन्त्सार' म्हणतात. हे पाचाला 'त्सिन्त्सि' म्हणतात, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. आणि आर्मनमधला 'आ' पाहा. रुमेनियनमध्ये लाल म्हणजे 'रोशु', यांच्यात 'आरोशु'. आपल्याकडे स्टेशनचं इस्टेशन होतं ना, तसंच. (विषयांतर झालं, चालू द्या.)

ताकभात: 'अरोमानियन' हे छापील नाव तरी कुठलं त्यांचं? रूढ केलं ते १९व्या शतकाच्या शेवटी गुस्ताव वायगांड या जर्मन अभ्यासकाने. ग्रीसमधल्या कित्येक व्लाखांना ते नकोच असतं, त्यात रुमेनियाचा वास येतो म्हणून. आणि १९०५ साली ऑटोमन सुलतानाने वेगळा समाज म्हणून मान्यता दिली ती 'उलाह' नावाने, म्हणजे व्लाखच. शाळेत, चर्चमध्ये आपली भाषा वापरायचा हक्क मिळाला तो याच 'परक्या' नावावर.

नकाशावेडा: बरं, समोरचा सांगेल ते नाव. उत्तर मॅसेडोनियातल्या क्रुशेवो गावात आर्मन, मेग्लेनमध्ये व्लाशि. पण गावंढळ म्हणून कुणी 'व्लाखोस' म्हणाला, तर तिथे मी तुमची व्युत्पत्ती ऐकून घेणार नाही.