मदत हवी आहे: बाण सुटला की धनुष्य कपाळाकडं कलंडतंय

मंडळी, खानापूर तालुक्यातून लिहितोय. दीड वर्ष झालं रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) मारतोय, साईट (नेम धरायचं साधन) नाही, स्टॅबिलायझर (तोलाचा दांडा) नाही. लिम्ब (वरचे-खालचे वाकणारे हात) विकतचे, ओढायला ३० पौंडांचे. रायझर (मुठीचा मधला भाग) मात्र गावातल्या सुतारमामांकडून सागवानी करून घेतला. मूठ हाताला अशी बसलीय की काय सांगू.

पण बाण सुटला की वरचं टोक माझ्याकडं येतं. आधी वाटलं, चूक माझीच. म्हणून मूठ आवळून धरली, तर बाण डावीकडं जायला लागले (उजव्या हातानं ओढतो). परवा दोरी चढवलेलं धनुष्य मुठीच्या खाचेत एका बोटावर टांगून बघितलं, तर तिथंही मागंच कलंडतंय. मग दुकानातलं २०० ग्रॅमचं वजन रायझरच्या खालच्या अंगाला, पुढच्या बाजूनं चिकटपट्टीनं बांधलं. आता सुटल्यावर हळूच पुढं झुकतं. दिसायला भयंकर आहे, घरचे हसतात.

मामांचं म्हणणं, "सागवान हलकं पडतंय, जुन्या चौकटीचं बीटे आहे माझ्याकडं, दुसरा करू." (बीटे म्हणजे शिसवी, इकडं कानडी शब्दच चालतो.) त्यानं फरक पडेल, की यातच भोक पाडून वजन बसवू?

प्रतिसाद १
शिसवी सागवानापेक्षा जड, त्यामुळं नेम धरताना धनुष्य कमी थरथरेल. कलंडणं मात्र थांबेलच असं नाही. रायझरचं बहुतेक लाकूड मुठीच्या आसपासच असतं, आकार तोच ठेवून जड केलं तर तोल जागचा फारसा हलत नाही. दोरी चढल्यावर लिम्बची टोकं तुमच्याकडं वळतात, म्हणून एकूण भार अंगठा-तर्जनीच्या बेचक्याच्या मागं पडतो. रायझर डिफ्लेक्स असेल, म्हणजे लिम्ब जिथं बसतात ती जागा मुठीच्या खाचेपेक्षा तुमच्या बाजूला असेल, तर आणखीच. असा रायझर चुका पोटात घालतो, मोडीत काढू नका.

दोरी ओढलेली असताना ३० पौंड तळहातावर दाबतात, तेव्हा हा तोल जाणवतही नाही. खरी गोष्ट सुटल्यावर कळते. म्हणून वजन खाली आणि पुढं, हे तुमचं बरोबरच आहे. खाली असलं की कलंडणं संथ होतं.

भोक लिम्बच्या बोल्टजवळ नको, लाकडाची नस फाटेल. आणि मूठ सैल सोडा. अंगठा आणि तर्जनीला बुटाची नाडी बांधा, धनुष्य पडत नाही.

प्रतिसाद २
पुढं बेअरबोच्या (साईट-स्टॅबिलायझर नसलेल्या धनुष्याच्या) स्पर्धेत उतरायचं असेल तर आत्ताच बघून ठेवा: दोरी उतरवलेलं धनुष्य वजनासकट १२.२ सेंमीच्या कड्यातून जावं लागतं. वजन बाहेर लोंबतं ठेवू नका.

धागाकर्ता
नाडी बांधली. वजन निम्म्यावर आणलं तरी आता मागं येत नाही, म्हणजे अर्धा दोष आवळलेल्या मुठीचाच होता. खांदाही भरून येत नाही. डिफ्लेक्सच निघाला, मामांनी माझ्या जुन्या धनुष्यावरून माप घेतलेलं. एक राहिलं, बोटावर तोलताना बाण लावून तोलायचं की न लावता?

प्रतिसाद १
न लावता. सुटल्यावर बाण तिथं असतोय कुठं?