मदत हवी आहे : मोजावी आणि डेथ व्हॅलीतून मोटरसायकलवर एकटीचा प्रवास, मुक्काम तंबूत

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून गेली अकरा वर्षे ॲरिझोनातील फीनिक्स शहराजवळ राहते. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवसांची रजा मिळाली आहे, आणि त्या दिवसांत नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटातून सुमारे १,००० मैलांचा, म्हणजे साधारण १,६०० किलोमीटरचा फेरा तंबू घेऊन एकटीने पूर्ण करण्याचे ठरवले आहे. एकटीने जावे की न जावे, हा प्रश्न येथे विचारत नाही. त्यावर घरात पुष्कळ बोलणे झाले आहे आणि तो सुटला आहे. कसे जावे, याबद्दल मात्र अनुभवी लोकांची मदत हवी आहे.

मार्ग असा आखला आहे. फीनिक्सहून विकेनबर्ग आणि पार्करमार्गे कोलोराडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियात शिरायचे आणि ६२ क्रमांकाच्या रस्त्याने ट्वेंटीनाइन पाम्स गाठून पहिली रात्र जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर कडेला, इंडियन कोव्ह येथे काढायची. तेथून मोजावी वाळवंटातल्या ॲम्बॉय, केल्सो, बेकर, शोशोन या गावांवरून डेथ व्हॅली. परतताना पारम्प, लास व्हेगास, लाफलिन, ओटमनचा जुना ६६ क्रमांकाचा घाट, किंगमन आणि पुन्हा विकेनबर्ग. मोठे महामार्ग मुद्दाम टाळले आहेत, कारण ॲरिझोनात शहराबाहेर त्यांच्यावर ७५ मैलांची वेगमर्यादा असते आणि सामान लादलेली माझी गाडी ६० ते ६५ मैलांच्या पुढे कष्टाने चालते.

आता ज्यामुळे हा धागा काढावा लागला, ते सांगते. मागच्या वर्षी मे महिन्यात याच रस्त्याने मी पार्करला एका दिवसात जाऊन यायला निघाले होते. तापमान ४३ अंश होते. अंगात जाळीचे जॅकेट होते, त्याच्या सगळ्या चेन उघड्या होत्या, आणि वारा लागतो आहे म्हणजे अंग थंड राहते आहे अशी माझी समजूत होती. घाम दिसतच नव्हता. पार्करच्या अलीकडे डोके जड झाले, समोरच्या गाडीचे अंतर कळेनासे झाले आणि एका बंद दुकानाच्या ओसरीत मी कशीबशी गाडी लावून बसले. तेथे थांबलेल्या एका वयस्कर दांपत्याने बर्फाचे पाणी दिले, मानेवर ओला टॉवेल ठेवला आणि संध्याकाळ होईपर्यंत मला हलू दिले नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तेव्हापासून वाळवंटात जाण्याची ओढ कमी झालेली नाही. पण आपल्याला पुरेसे कळत नाही, ही जाणीव पक्की झाली आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचा आहे : किती घ्यावे आणि गाडीवर कुठे बांधावे? दुसरा प्रश्न चाकांचा आहे. हिमालयनच्या चाकांना तारा आहेत आणि आत ट्यूब आहे, त्यामुळे ट्यूबलेस टायरसारखी बाहेरून दोरी खुपसून पंक्चर काढता येत नाही. आपल्याकडे कोणत्याही फाट्यावर पंक्चरवाला भेटतो; ॲम्बॉय आणि बेकर यांच्या मधल्या ८० मैलांत कोण भेटणार? तिसरा प्रश्न घरच्यांचा आहे. साताऱ्याला आई रोज निरोपाची वाट पाहील आणि वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसेल. तिला खोटा धीर द्यायचा नाही आणि विनाकारण घोरही लावायचा नाही.

प्रतिसाद १

ताई, मी नेवाडात राहतो आणि या पट्ट्यात नऊ वर्षे मोटरसायकल चालवतो आहे. मे महिन्यात तुमचे जे झाले त्याचे कारण आधी लिहितो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापलेली असेल, तर वारा अंगातील उष्णता काढून न नेता उलट अंगात भरतो. कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो, म्हणून तो दिसत नाही आणि तहानही उशिरा कळते. अशा वेळी आतला सदरा पाण्यात भिजवून वरचे जॅकेट बंद ठेवावे आणि हवेला थोडीच वाट ठेवावी, म्हणजे ओलावा सावकाश उडतो आणि अंग थंड राहते.

परंतु तुमची भीती मे महिन्यातली आहे आणि तुम्ही निघालात नोव्हेंबरमध्ये. त्या दिवसांत डेथ व्हॅलीच्या तळाशी दुपारी सरासरी २५ अंश असतात. तुमच्यापुढची खरी अडचण थंडी आणि अंधार ही आहे. डेथ व्हॅलीतले बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, तर मोजावीतील होल-इन-द-वॉल हा तंबू लावण्याचा तळ १,३०० मीटरहून उंच आहे; तेथे पहाटे पाणी गोठू शकते. स्लीपिंग बॅग शून्याखाली चालणारी घ्या. ॲरिझोना घड्याळे बदलत नाही, कॅलिफोर्निया मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येते. म्हणून पार्करचा पूल ओलांडला की तुमचे घड्याळ एक तास मागे जाईल, पण सूर्य तेथे पावणेपाचच्या सुमारास मावळेल. सकाळी सहाला निघा आणि रोज तीनच्या आत तंबू उभा करा. रात्री गाडी चालवूच नका. डेथ व्हॅलीच्या बाजूला आणि ओटमनच्या घाटात मोकाट गाढवे रस्त्यावर उभी असतात.

पाणी माणशी दिवसाला किमान ४ लिटर धरा. तुम्ही १० लिटर न्या, पण एकाच कॅनमध्ये नको : दोन मऊ पिशव्या दोन्ही सॅडलबॅगांच्या तळाशी आणि २ लिटर पाठीवर नळीच्या पिशवीत. वजन खाली राहिले की रेतीत गाडी सावरता येते. इंडियन कोव्हच्या तळावर नळ नाही, पाणी प्रवेशाजवळच्या रेंजर चौकीवर मिळते. जोशुआ ट्रीत मधमाश्या ओलाव्याच्या शोधात गाडीभोवती जमतात, म्हणून पिशव्यांची तोंडे कोरडी ठेवा. पेट्रोलची काळजी करू नका. ट्वेंटीनाइन पाम्सला टाकी भरली की बेकरपर्यंतचे २१० किलोमीटर तुमची १५ लिटरची टाकी आरामात काढते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात ट्यूबबद्दल राहिले आहे. एक नियम पाळा : जे काम घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने केलेले नाही, ते वाळवंटात जमेल असे धरू नका. तुमच्या गाडीला डबल स्टँड आहे, ही फार मोठी सोय आहे. या आठवड्यात मागचे चाक काढा, टायरची कड रिमपासून सोडवा, ट्यूब बदला आणि पुन्हा बसवा. आणि हे फक्त प्रवासात नेणार असलेल्या पान्यांनीच करा. पुढची २१ इंची ट्यूब नक्की बरोबर ठेवा, कारण वेळ पडल्यास ती मागच्या १७ इंची चाकातही घालून गावापर्यंत पोहोचता येते. साइड स्टँडखाली ठेवायला पत्र्याचा चपटा तुकडा घ्या.

तंबू कोरड्या ओढ्यात कधीही लावू नका, जागा कितीही सपाट आणि मऊ वाटली तरी. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या पावसाने डेथ व्हॅलीत एका दिवसात २.२ इंच पाणी पडले, जे तेथे सबंध वर्षातही जेमतेम पडते. रस्ते वाहून गेले आणि उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहा. रेतीत तंबूचे खिळे धरत नाहीत, म्हणून चार रिकाम्या पिशव्या न्या आणि त्यांत दगड भरून दोऱ्या बांधा.

घरच्यांसाठी सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारे यंत्र घ्या. मात्र निरोप आला नाही तर काय करायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. साताऱ्याहून आईंना येथे कोणाला फोन करता येणार? फीनिक्समधील एका विश्वासू व्यक्तीकडे रोजच्या मुक्कामाची यादी, गाडीचा क्रमांक आणि किती तास वाट पाहून ९११ या येथील आणीबाणीच्या क्रमांकाला कळवायचे, हे लिहून द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल मागचे चाक काढले. पहिल्या खेपेला अडीच तास लागले आणि बसवताना लिव्हरने नवी ट्यूब चिमटली. दुसऱ्या खेपेला पन्नास मिनिटांत काम झाले. निघण्यापूर्वी आणखी एकदा करणार आहे. यंत्र घेतले आहे. कॅलिफोर्नियात संध्याकाळी साडेपाच वाजता निरोप पाठवला की साताऱ्याला सकाळचे सात वाजलेले असतात; आई त्या वेळी चहा घेते. तिला सांगितले आहे की तासभर उशीर झाला तर घाबरायचे नाही, आणि नऊ वाजले तर फीनिक्समधल्या माझ्या मैत्रिणीला फोन करायचा.

आता एकच गोष्ट विचारायची राहिली आहे. होल-इन-द-वॉलच्या तळावर अलीकडे कोणी राहिले असल्यास तेथील नळाला पाणी होते का, ते कृपया कळवावे. नसल्यास ट्वेंटीनाइन पाम्सहून आणखी ४ लिटर भरून घेईन.