मदत हवी आहे : खवाट्याची हालचाल नुसत्या डोळ्यांनी कितपत खरी ओळखता येते?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, व्हॉलीबॉलचा संघ बघतो. आमचा दहावीतला स्मॅशर हात खाली आणायला लागला की त्याच्या उजव्या खवाट्याची, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाची, आतली कड पाठीतून वर येते. सकाळचं तिरकं ऊन असलं की कडेला सावली पडते, इतकी. दुखत मात्र काहीच नाही म्हणतो.

मॅक्ल्यूर वगैरे संशोधकांची खवाट्याची हालचाल तपासायची २००९ ची पद्धत वाचून सगळ्या पोरांना तपासलं. दोन्ही हातांत वजन, पाच वेळा समोरून वर, पाच वेळा बाजूनं, बघणारा पाठीमागं. अंगाचं वजन ६८ किलोच्या आत असेल तर १.४ किलो, त्यावर २.३. आमच्याकडे डंबेल कुठले! बाटल्यांत वाळू भरून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतल्या.

अडचण पुढं आहे. तोच व्हिडिओ लातूरच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना पाठवला. मला दोष ठळक वाटला, त्यांना किंचित. त्या अभ्यासातही परीक्षकांचं एकमत ७५ ते ८२ टक्केच होतं; योगायोगानं जुळलेलं वगळून एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कप्पा (पूर्ण एकमत असेल तर १), ०.४८ ते ०.६१. शिकलेल्या माणसांचं हे, तर माझ्या नजरेच्या भरवशावर पोराला स्पर्धेआधी बसवू का? त्याचे वडील रोज विचारतात, "सर, पोराच्या खांद्याला काही झालंय का?" काय सांगू त्यांना? आणि मुलींच्या टी-शर्टातून तर काहीच कळत नाही.

प्रतिसाद

सर, मी संभाजीनगरला फिजिओथेरपी करते. ठळक की किंचित, हा वाद सोडा; आहे की नाही एवढंच लिहा. उल या संशोधकाच्या २००९ च्या अभ्यासात असं बघितल्यावर दोघा परीक्षकांचं ७९ टक्के जुळलं, हालचालीचे चार प्रकार पाडल्यावर ६१ टक्केच. शिवाय खांदा न दुखणाऱ्यांतही दोन बाजूंत फरक सर्रास सापडतो. म्हणून दुखत नसेल, ताकद नीट असेल, तर नुसत्या दिसण्यावरून त्याला बसवू नका. वडिलांनाही हेच सांगा, धीर येईल त्यांना.

भिंत रेटताना खवाटा पंखासारखा बाहेर निघतो का आणि हात पूर्ण वर जातो का, हे मात्र आजच बघा. तसं काही असेल तर नसेचा त्रास असू शकतो, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलींना मागून पाठ मोकळी राहील असा बनियन घालायला लावून तुमच्या शाळेतल्या मॅडमनी बंद खोलीत बघावं, व्हिडिओ नको.