सोसायटीच्या कॅम्पमध्ये आईचा सीए १२५ वाढलेला आला, पुढे काय करू?

ऐरोलीची_लेक
नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्येच लिहितेय. सोसायटीत एका लॅबचा कॅम्प होता, कॅन्सर पॅकेज म्हणून नुसतं रक्त घेतात, आईबाबा गावाहून आलेच होते म्हटलं दोघांचं करून टाकू. आज व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला, आईचा सीए १२५ आहे ४१, नॉर्मल ३५ पर्यंत आणि बाजूला लाल अक्षरात हाय. वय ५८, पाळी कधीच गेली, तब्येत ठणठणीत, चार जिने चढून येते. लॅबला फोन केला तर म्हणे डॉक्टरांना दाखवा, कुठल्या ते सांगायला तयार नाहीत. भाऊ म्हणतोय डायरेक्ट पेट स्कॅनच (पूर्ण शरीरात कॅन्सर शोधतात ते) करू. बाबांचं मात्र सगळं नॉर्मल आलं, ते खूष, गॅलरीत बसून तंबाखू मळतायत. आईला अजून काही बोललेले नाही.

नौपाड्याचा_लॅबवाला
ताई, मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आधी श्वास घ्या. सीए १२५ हे रक्तातलं एक प्रोटीन आहे, ओव्हरीच्या म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं, पण ते फक्त कॅन्सरनेच वाढतं असं नाही. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं बाहेर वाढणं), लिव्हरचा त्रास, पोटाचा टीबी, तरुण बायकांमध्ये तर चालू पाळीतसुद्धा वाढतं. आणि ३५ ची रेघ जिथे मारलीय तिच्यावर चांगल्या निरोगी शंभरातली एखादी बाई येतेच. उलट बाजू पण ऐका, ओव्हरीचा कॅन्सर अगदी सुरुवातीचा असेल तर निम्म्याच्या आसपास बायकांमध्ये हा आकडा नॉर्मलच येतो. ही टेस्ट मुळात कॅन्सर झालेल्या पेशंटला औषध लागू पडतंय का, परत डोकं वर काढतोय का हे बघायला जास्त कामाची. इंग्लंडमध्ये २ लाखांवर बायका घेऊन वर्षानुवर्षं बघितलं, सोनोग्राफीही केली, २०२१ ला निकाल आला की स्क्रीनिंगमुळे, म्हणजे त्रास नसताना अशी तपासणी करून, ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. तरी पॅकेजमध्ये घालतात कारण विकलं जातं, आमच्या धंद्याची गोष्ट आहे, नाव नका घेऊ 😅

पण पाळी गेल्यानंतर वाढलाय म्हणून सोडून पण देऊ नका. गायनॅककडे जा, पोटाची आणि आतून अशी सोनोग्राफी करा. पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घासात पोट भरणं, सारखं लघवीला जाणं असं काही आहे का ते आईला नीट विचारा. पेट स्कॅन आत्ता अजिबात नको, नसत्या गोष्टी दिसतील आणि त्यांच्यामागे धावाल.

डोंगरीपाडा४०
सगळ्या टेस्ट फालतू असं म्हणून कसं चालेल? आमच्या ओळखीत एका काकूंना खूप उशिरा कळलं.

नौपाड्याचा_लॅबवाला
दादा सगळ्या कुठे म्हटलं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे आहे, गर्भाशयाच्या तोंडाची पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट आहे, या कामाच्याच आहेत. ताई, आईची मॅमोग्राफी कधी झालीय का? गायनॅककडे जाणारच आहात तर तेही उरकून घ्या.

खारघरची_वहिनी
सगळे आईच्या मागे लागलेत, पण मला तर बाबांची काळजी वाटतेय. तंबाखू खाणाऱ्या माणसाचं रक्त तपासलं, तोंडात टॉर्च मारून कोणी बघितलं का? रक्त नॉर्मल आलं म्हणजे तोंड नॉर्मल असं नसतं हो. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचाच कॅन्सर सगळ्यात जास्त आणि तो डोळ्यांना दिसतो, त्याला मशीन लागत नाही. केरळात त्रिवेंद्रमकडे ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन फक्त तोंड तपासलं, तर तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. सरकारी कार्यक्रमात सुद्धा तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तपासतात, फुकट, तिथे कोणी जात नाही आणि पॅकेजला रांग.

माझ्या सासऱ्यांच्या गालात आत फोड होता, दुखत नव्हता म्हणून तसाच ठेवला. दुखत नाही हेच तर वाईट. दोन आठवड्यांत बरा न होणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, दात उगाच हलणं, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मानेतल्या गाठी पण काढल्या, आम्हाला वाटलं पसरलाय, रडारड. मग डॉक्टरांनी समजावलं की हे आधीच काढलेलं बरं, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्येच यावर मोठा अभ्यास झालाय (२०१५ चा), तोंडातली गाठ लहान असली तरी त्याच वेळी मानेतल्या गाठी काढल्या तर जास्त लोक जगतात. त्यांचं ऑपरेशनवरच भागलं, अजून उशीर झाला असता तर सहा-सात आठवडे शेक (रेडिएशन) घ्यावा लागला असता.

आणि हो, आई मशेरी लावते का? लावत असेल तर तिचंही तोंड बघा, ती पण तंबाखूच.

ऐरोलीची_लेक
वहिनी, मशेरी लावते 🙈 हे मी लिहिलंच नव्हतं. आत्ता मोबाईलच्या टॉर्चने दोघांचं बघितलं. आईचं ठीक वाटतंय, पण बाबांच्या डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, जिथे तंबाखू धरतात तिथेच, पुसून जात नाही. ते म्हणतायत चुन्याने भाजलंय, रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग गप्प बस.

डोंगरीपाडा४०
डॉक्टर सुई लावतील, तुकडा काढतील. सुई लागली की पसरतो म्हणतात, जरा विचार करून.

खारघरची_वहिनी
दादा प्लीज ही अफवा इथे नको, याच भीतीने आमच्याकडे महिने गेले. तोंडातला चट्टा साधा आहे का बिघडायला लागलाय हे तुकडा बघितल्याशिवाय ट्रीटमेंट कसली करणार? ताई, असे बरेच चट्टे कॅन्सर नसतात, तंबाखू सोडली की काही नाहीसेही होतात, पण ते ठरवायचं डेंटिस्ट किंवा तोंडाच्या सर्जनने, आपण नाही.

ऐरोलीची_लेक
अपडेट देते. आईची सोनोग्राफी क्लीन, ओव्हरी छोट्या, डॉक्टर म्हणाल्या थोड्या महिन्यांनी रक्त परत बघू. मॅमोग्राफीची तारीख घेतलीय. बाबांना डेंटिस्टने बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) सांगितली, घरात दोन दिवस अबोला होता पण आता तयार झालेत, वाशीत करणार. काही निघालंच तर खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक हॉस्पिटलला जाऊ म्हणतोय, ठाणे-पनवेल लोकल आहेच. तिथे काय न्यायचं?

खारघरची_वहिनी
आयडी, रेशन कार्ड (जनआरोग्य योजनेला लागतं), सगळे जुने कागद. आणि एक लक्षात ठेव, नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नकोस, बायोप्सी जिथे कराल तिथून काचेच्या स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घे, टाटावाले स्वतः परत तपासतात. आम्ही रिपोर्टच नेला होता, ब्लॉकसाठी परत ठाण्याला पळावं लागलं.